कागदी लिंबू, मोसंबी आणि टकीला: घरचा ग्लास कडू का होतो

अमळनेरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा भाऊ दुबईहून येताना टकीलाची बाटली घेऊन आला. पुण्यात एका हॉटेलात नवरा-बायकोनं लिंबू-संत्र्याचं गारेगार कॉकटेल घेतलं होतं, तसंच घरी गच्चीवर चार जणांसाठी करायचं ठरलं. दुपारी मोसंबी सोलून फोडी मिक्सरला लावल्या, लिंबं पिळून रस फ्रीजमध्ये ठेवला. रात्री नऊला त्यात टकीला, दोन-दोन चमचे साखर आणि बर्फ. "पहिला घोट आंबटढाण, मग जिभेवर कडू, आणि तळाशी नुसतं गोड पाणी. दादा, इथे ते हिरवं विलायती लिंबू मिळत नाही म्हणून असं झालं का? आणि संत्र्याचं ते महागडं लिकर, ती गोड दारू, आणल्याशिवाय जमतच नाही का? आणि बाटली अर्धी उरलीय, तिचं काय करू?"

ताई, आधी लिंबाचं बोलू, कारण तुम्ही दोष नेमका त्याला दिलाय ज्याचा काडीचाही दोष नाही.

आपल्या बाजारात मिळतं ते पातळ सालीचं, पिकलं की पिवळं होणारं, बियांचं कागदी लिंबू. मेक्सिकोत टकीलाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या जे लिंबू पिळलं जातं ते हेच. जात हीच, फक्त गाव वेगळं. आशियातून हे लिंबू अरबांबरोबर पश्चिमेला गेलं आणि तिथून स्पॅनिश लोकांनी ते अमेरिकेत नेलं. तुम्ही ज्याला विलायती म्हणताय ते मोठं, जाड सालीचं, बिनबियांचं हिरवं लिंबू ही वेगळी, पुढे आलेली जात. दूरवर पाठवायला ती टिकते, म्हणून मोठ्या हॉटेलांत दिसते. वासाला आणि आंबटपणाला आपलं लिंबू तिच्यापेक्षा तिखट आहे. पुण्यात मी बारच्या मागे अठरा वर्षं उभा राहिलो, दोन्ही लिंबं हजारोंनी पिळली. स्वतःच्या घरी मी भुसावळच्या बाजारातलं कागदी लिंबूच वापरतो, आणि ते काही पैसे वाचवायला नव्हे.

पण ते निवडायला लागतं. माझी आजी त्याला निंबू म्हणायची आणि बाजारात एकेक हातात घेऊन अंगठ्यानं दाबून बघायची. साल पातळ, चकचकीत, आणि फळ आकाराच्या मानानं जड हवं. सुरकुतलेलं, टणक, हलकं लिंबू दहा रुपयांना तीन मिळालं तरी महाग पडतं, कारण आत रसच नसतो. उन्हाळ्यात लिंबू महाग का होतं तेही सांगतो. मार्च ते मे या काळात येणारं फळ हस्त बहाराचं. त्याची फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास धरतात, आणि त्याआधी झाडाला पाण्याचा ताण बसावा लागतो. तेव्हा पाऊस रेंगाळला की ताण बसत नाही आणि बहार हुकतो. मागणी मात्र आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास सगळ्यात जास्त. म्हणून त्या दिवसांत एका लिंबाला दहा-दहा रुपये मोजलेले मी पाहिलेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई सरबती ही जात मिळाली तर जरूर घ्या. रस भरपूर, साल पातळ.

बरं, मग कडू का झालं? दोन कारणं, आणि दोन्ही मोसंबीची.

पहिलं, मिक्सर. मोसंबीच्या फोडी मिक्सरला लावल्या की बिया फुटतात, फोडीवरचा पापुद्रा आणि सालीला चिकटलेला पांढरा गर त्यातच वाटला जातो. कडवटपणा तिथेच भरलेला असतो. दुसरं कारण फारसं कुणाला ठाऊक नसतं: मोसंबीचा रस ठेवला की आपोआप कडू होतो. फळ शाबूत असताना त्यात एक बिनकडू पदार्थ असतो. रस निघाला आणि त्यातल्या आंबटाशी त्याची गाठ पडली की हळूहळू त्याचा कडू पदार्थ तयार होतो, त्याला लिमोनिन म्हणतात. रसवंतीवर मोसंबी समोर पिळून लगेच प्यायला देतात, तेव्हा छान लागते. तोच रस बाटलीत भरून घरी आणला की तास-दोन तासांनी कडसर लागतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. तुम्ही दुपारी काढलेला रस रात्री नऊला वापरलात. फ्रीजनं तो नासला नाही एवढंच. कडू व्हायचा तो झालाच.

म्हणून नियम साधा: मोसंबी आडवी कापायची, हातानं किंवा काचेच्या रसपात्रावर हलक्या हातानं पिळायची, गाळायची, आणि दहा मिनिटांच्या आत ग्लासात घालायची. शेवटचा थेंब काढायला साल पिरगाळायची नाही. पाचोरा-भडगावकडची मोसंबी तुम्हाला हाताशी आहे. एका चांगल्या फळाला साठ-सत्तर मिली रस आरामात निघतो, ओढाताण करायची गरजच नाही.

लिंबाचा रस तासभर थांबतो, चार तासांनी मात्र त्याचा वास मरतो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका हॉटेलात सकाळी अकराला दोन लिटर लिंबाचा रस काढून ठेवायची पद्धत होती. रात्री अकराला तोच वापरायचा. गिऱ्हाईक ग्लास अर्धा टाकून उठायचं आणि आम्ही म्हणायचो की लोकांना टकीला कळत नाही. एका रात्री रस संपला म्हणून मी ऐन वेळी समोर लिंबं पिळली. त्या टेबलानं तीन वेळा तेच पुन्हा मागवलं. त्या दिवसापासून मी शिळा रस हातात धरला नाही.

लिंबू पिळण्याची रीत: आधी ओट्यावर तळव्याखाली दाबून दोन-चार वेळा लोळवायचं. आडवं कापायचं. चिमट्यात घालताना कापलेली बाजू खाली, म्हणजे भोकांकडे. बहुतेक घरांत ती उलटी ठेवतात आणि रस बाजूनं उडतो. एकदाच, सावकाश, पूर्ण दाब. दोनदा-तीनदा दाबलं की सालीचं तेल आणि पांढऱ्या गराचा कडवटपणा उतरतो. चहाच्या गाळणीनं गाळायचं. रस स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवा, पितळ-तांब्यात नको, आंबट लागलं की धातू उतरतो.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण आपला भाग उन्हाचा आहे. लिंबू पिळलेले हात उन्हात नेऊ नका. कागदी लिंबाच्या सालीत असं द्रव्य असतं की ते कातडीवर राहिलं आणि त्यावर ऊन पडलं, तर दुसऱ्या दिवशी लालसर चट्टा उठतो, फोड येतात आणि मग काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. माझ्याकडे शिकणाऱ्या एका पोरानं मे महिन्यात लग्नाच्या मांडवाबाहेर बसून दोनशे लिंबं पिळली. दोन दिवसांनी त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर आणि मनगटावर ओघळ जसे वाहिले तशाच लाल रेघा उठल्या होत्या. घरच्यांना वाटलं गरम तेल उडालं. पिळायचं काम घरात करा, नंतर साबणानं कोपरापर्यंत हात धुवा, नखांच्या कडेसकट.

आता आंबटढाण आणि तळाशी गोड, हे का? साखर विरघळलीच नाही. दारूत आणि थंडगार पाण्यात साखर फार सावकाश विरघळते. वर आंबट राहिलं, खाली साखर बसली आणि शेवटी बर्फाच्या पाण्यात ती सापडली. बारमध्ये कोरडी साखर टाकत नाहीत, पाक टाकतात. आपल्या गुलाबजामचा चिकट पाक नव्हे. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, उकळत ठेवायचं नाही, गार करायचं. झालं.

आणि याच पाकात तुमच्या महागड्या लिकरचं उत्तर आहे.

तुमचं ते लिंबू-संत्र्याचं कॉकटेल म्हणजे मार्गारिटा: टकीला, संत्र्याचं लिकर आणि लिंबाचा रस. जगभरच्या बारटेंडरांच्या संघटनेनं ठरवलेलं प्रमाण ५० मिली टकीला, २० मिली लिकर, १५ मिली लिंबू. या लिकरमधला संत्र्याचा जो वास आहे तो रसाचा नाही, सालीचा आहे. सालीच्या वरच्या रंगीत थरात बारीक पिशव्यांमध्ये तेल असतं. मोसंबीची साल उजेडासमोर धरून चिमटीत दुमडा, बारीक तुषार उडताना दिसतील, तेच ते. साखर हे तेल ओढून घेते. म्हणून असं करा: दोन संत्री किंवा मोसंबी धुऊन, पुसून बटाटा सोलायच्या सोलाण्यानं वरची रंगीत साल काढा. पट्टी उलटी करून बघा. खालून पांढरी भक्क दिसली तर जाड निघाली, सुरीनं तो पांढरा थर खरवडून टाका. या पट्ट्या शंभर ग्रॅम साखरेत घालून खलबत्त्याच्या दांड्यानं किंवा पळीनं पाचेक मिनिटं चेचा. झाकून चार-पाच तास ठेवा. तासाभरात साखर ओलसर दिसायला लागते, भिजलेल्या वाळूसारखी, आणि झाकण काढलं की स्वयंपाकघरभर वास सुटतो. मग त्यात शंभर मिली गरम पाणी घालून ढवळा, गाळा, बाटलीत भरा. फ्रीजमध्ये आठवडाभर छान राहतं. नागपुरी संत्री हंगामात असतील तर तीच घ्या, मे महिन्यात मोसंबीची साल चालते. वास थोडा मवाळ येतो, पण लिंबाशी त्याचं पटतं.

लिकरची नक्कल म्हणून मी हा पाक सांगत नाही. लिकर न घालता टकीला, लिंबू आणि नुसता गोडवा, एवढ्यावरच उभी असलेली मार्गारिटा सॅन फ्रान्सिस्कोतल्या टॉमीज नावाच्या मेक्सिकन रेस्तराँमध्ये १९९० च्या दशकापासून करतात आणि आज ती जगभर मान्य आहे. त्यात ते अगावेचा, म्हणजे टकीला ज्या झाडापासून होते त्याचाच पाक घालतात. आपल्याकडे तो फार महाग मिळतो. साखरेच्या पाकात कमीपणा काही नाही. गूळ मात्र इथे नको, त्याची चव लिंबाला दाबते.

आता तुमची बाटली. टकीला ज्या झाडापासून होते त्याचे भाऊबंद तुम्ही रोज बघता: शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेला उभी असलेली घायपात, काही ठिकाणी तिला केकताड म्हणतात. मेक्सिकोत वापरतात ती निळसर पानांची जात, निळी अगावे. तिला तयार व्हायला साधारण सहा-सात वर्षं लागतात. मग पानं छाटून मधला गड्डा काढतात, अननसासारखा दिसतो म्हणून त्याला पीना म्हणतात, स्पॅनिशमध्ये पीना म्हणजे अननसच. तो भट्टीत शिजवायचा, रस काढायचा, आंबवायचा आणि दोनदा गाळायचा. १९७४ पासून टकीला हे नाव कायद्यानं बांधलेलं आहे: हलिस्को राज्य आणि आणखी चार राज्यांतल्या ठरावीक भागांतच तयार झालेल्या दारूला ते लावता येतं. आपल्याकडेही दख्खनच्या अगावेपासून दारू तयार होते आणि काही चांगल्याही आहेत, पण त्यांना टकीला म्हणता येत नाही. बांधावरच्या घायपातीवर कुणी घरी प्रयोग करू नये हेही सांगून ठेवतो. तिच्या रसानं अंगाला भयंकर खाज आणि पुरळ येतं, आणि घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे.

बाटलीवर '१०० टक्के अगावे' असं लिहिलंय का बघा. लिहिलेलं नसेल तर ती मिश्र टकीला. त्यात निम्म्याहून थोडी जास्त साखर अगावेची असते आणि बाकीची दुसरीकडची, बहुधा उसाची किंवा मक्याची. सोनेरी रंगाच्या स्वस्त बाटल्या बहुतेक अशाच असतात, रंग कॅरॅमलचा. आपल्याकडे मीठ चाटा, घोट मारा, लिंबू चोखा, हा प्रकार रुळला तो अशाच टकीलाचा उग्रपणा झाकायला. लिंबाच्या कॉकटेलला मी नेहमी ब्लांको घेतो, म्हणजे पिंपात न मुरवलेली किंवा अगदी थोडे दिवस ठेवलेली पांढरी. तिला हिरव्या पानाचा, मिऱ्यासारखा झणका असतो आणि तो लिंबाबरोबर खुलतो. रेपोसादो दोन महिने ते वर्षभर लाकडात असते. तीही चालते, चव गोलसर येते. आन्येहो एक ते तीन वर्षं मुरलेली असते, ती लिंबात बुडवू नका, तशीच प्या.

बर्फ. तिसरी तक्रार पाणचट झाल्याची होती ना, आणि घरोघरी सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

लोकांना वाटतं बर्फ कमी घातला की पाणी कमी होईल. उलट आहे. दोन खडे घातले की बिचारे एकटे सगळी उष्णता अंगावर घेतात आणि पाच मिनिटांत संपतात. ग्लास काठोकाठ बर्फानं भरला की सगळं पटकन गार होतं आणि मग वितळणं मंदावतं. दुसरं, बर्फ फ्रीजरमधून काढून ताटलीत ठेवला आणि पंधरा मिनिटांनी वापरला, तर त्याच्यावर पाणी सुटलेलं असतं, ते आधी ग्लासात जातं. आपल्याकडे रात्री नऊलाही गच्ची तापलेली असते, भिंतीला हात लावला तर चटका बसावा अशी. बर्फाचा डबा फ्रीजरमध्येच राहू द्या, लागेल तसा काढा. ग्लासही वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा.

आणि बर्फाचा वास घ्या. फ्रीजरमध्ये काळ्या मसाल्याची पुडी, वाटण, मटार, मागच्या आठवड्यातलं काहीतरी असतं, बर्फ तो वास ओढतो. टकीलाला लसणाचा वास आला की काही खरं नाही. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पिण्याचं पाणी घालून मोठी लादी धरवा आणि लाटण्यानं फोडा. मोठे तुकडे सावकाश वितळतात. वीज जाऊन-येऊन अर्धवट वितळलेला आणि पुन्हा धरलेला बर्फ फोडायला जाताच भुसभुशीत होतो, तो टाळा. बाहेरून आणणार असाल तर खाण्याचा बर्फ आहे हे विचारून घ्या. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळसर रंग टाकायचा नियम आहे, म्हणून निळा दिसला तर हातही लावू नका. बर्फ मिक्सरमध्ये फिरवण्याची मात्र आपल्या हवेत गरजच नाही, चुऱ्याचं बघता बघता पाणी होतं.

शेकर विकत घेऊ नका. घट्ट झाकणाची काचेची बरणी किंवा पोरांची स्टीलची रुंद तोंडाची बाटली पुरते. मापाला खोकल्याच्या औषधाचं टोपण वापरा, त्यावर ५, १०, १५ मिलीच्या रेघा असतात. धुवा मात्र तीनदा. अंदाजानं ओतू नका. लिंबाचे पाच मिली इकडे-तिकडे झाले तरी चव हलते. मीही अजून मोजूनच घालतो.

तर पहिला प्रकार, घरची मार्गारिटा, एका ग्लासाला: टकीला ४५ मिली, लिंबाचा रस २० मिली, सालीचा पाक २० मिली, आणि चिमटीत अर्धवट येईल एवढं मीठ. बरणीत हे सगळं घालून चाखा. आंबट-गोड दोन्ही जरा जास्तच वाटलं पाहिजे, कारण पाणी अजून यायचंय. मग बरणी बर्फानं भरा, झाकण लावा, दोन्ही हातांनी घट्ट धरून बारा-पंधरा सेकंद जोरात हलवा. आवाज ऐका: आधी खडखड, मग हळूहळू खळखळ. बरणीच्या बाहेर दव जमतं, बोटं दुखायला लागतात, तिथे थांबायचं. एवढ्या वेळात त्यात साधारण पाव हिस्सा पाणी उतरतं आणि ते हवंच असतं, त्याशिवाय घशाला टोचतं. नव्या बर्फावर गाळून ओता, बरणीतला जुना बर्फ ग्लासात घेऊ नका. तुमचं लिंबू जास्त आंबट असेल तर पुढच्या ग्लासाला पाक पाच मिली वाढवा. लिंबू कमी करू नका, मग सगळंच फिकं होतं. लिकर घरात असेलच तर सालीच्या पाकाऐवजी ते २० मिली आणि साधा पाक ५ मिली.

मीठ आत थोडं घालायचं ते कडवटपणा दाबायला, त्यानं लिंबाचा वासही वर येतो. काठाला मीठ लावायचं तर निम्म्याच काठाला, बाहेरच्या बाजूनं: लिंबाची फोड फिरवा आणि ताटलीतल्या जाडसर मिठावर काठ टेकवा. अर्धा काठ मोकळा ठेवला की पिणाऱ्याला निवड राहते. काळं मीठ नको, त्याचा गंधकी वास टकीलाला खाऊन टाकतो. सैंधव चालतं. आणि आपल्या नंदुरबारची लाल मिरची घरात असतेच. तिची जाडसर भुकटी, दुप्पट मीठ, आणि असली तर वाळलेल्या लिंबाच्या सालीची चिमूटभर पूड, असा काठ करून बघा. मेक्सिकोतही फळांवर आणि ग्लासाच्या काठाला मिरची-लिंबू-मीठ लावतातच.

दुसरा प्रकार खरं तर तुमच्या गच्चीसाठी जास्त योग्य आहे. मेक्सिकोत स्वतःच्या घरी लोक मार्गारिटापेक्षा पालोमा जास्त पितात: टकीला, थोडं लिंबू, मीठ आणि ग्रेपफ्रूटचा सोडा. ग्रेपफ्रूट आपल्याकडे सहज मिळत नाही, पण मोसंबी आहे. उंच ग्लास काठोकाठ बर्फ. त्यात टकीला ४५ मिली, ताज्या मोसंबीचा रस ६० मिली, लिंबू १५ मिली, साधा पाक १० मिली, मीठ चिमूटभर. लांब चमच्यानं दोनदा ढवळा. वरून थंड केलेला साधा सोडा ८०-९० मिली, ग्लासाच्या कडेनं सोडा आणि चमचा तळापासून एकदाच वर उचला. मोसंबीत ग्रेपफ्रूटचा हलका कडवटपणा नसतो, तो हवा असेल तर मोसंबीची एक पातळ साल ग्लासावर पिळून आत टाका. हा कडवटपणा आपण मोजून घातलेला, मिक्सरनं लादलेला नव्हे. पपनस मिळालं तर मोसंबीच्या जागी तेच घ्या, ग्रेपफ्रूटचं ते पूर्वजच आहे. मात्र रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी ग्रेपफ्रूट आणि पपनस जुळत नाहीत, गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं.

आठ ग्लास एकदम करायचे तर पहिला प्रकार असा जमवा: ३६० मिली टकीला आणि १६० मिली सालीचा पाक दुपारीच बाटलीत एकत्र करून फ्रीजमध्ये. पाहुणे आले की लिंबू पिळून १६० मिली रस घाला. कागदी लिंबाला सरासरी दहा-बारा मिली धरा, म्हणजे पंधरा-सोळा लिंबं आणून ठेवा. शिवाय १७० मिली थंड पाणी. हे पाणी म्हणजे हलवताना उतरलं असतं तेच, म्हणून मग हलवायची गरज नाही, बर्फावर सरळ ओता. न पिणाऱ्यांसाठी मोसंबी, लिंबू, पाक, मीठ आणि सोडा, टकीलाशिवाय. त्यांच्याही ग्लासाला तोच बर्फ आणि तोच मिरची-मिठाचा काठ द्या, घरात कुणाला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. सोबत जळगावचे केळीचे वेफर्स, नागलीचे पापड, भाजलेले शेंगदाणे. शेवभाजी नंतर जेवणात, आधी नको, तो मसाला जिभेवर बसला की लिंबू लागतच नाही.

हे सरबतासारखं उतरतं, म्हणून सांगायला हवं: वरच्या मापाच्या एका ग्लासात दीड छोटा पेग टकीला आहे. चवीला कळत नाही, अर्ध्या तासानं डोक्याला कळतं. दिवसभर ४४-४५ अंशांत फिरून आलेल्या माणसानं आधी दोन ग्लास पाणी प्यावं, थोडं खावं, मगच हातात घ्यावं. दारू अंगातलं पाणी आणखी बाहेर काढते. थंड लागतं म्हणून ते तहानेवर चालतं असं नाही. दोन ग्लासांवर थांबा आणि त्या रात्री गाडीची किल्ली घरात ठेवा. महाराष्ट्रात अशा दारूसाठी वय २५ पूर्ण हवं आणि घरी प्यायलाही परवाना लागतो, तो काढून ठेवा. नवापूरच्या पलीकडे गुजरातेत नातेवाईक असतील तर बाटली गाडीत घालून नेऊ नका, तिथे दारूबंदी आहे.

उरलेली बाटली: टकीला खराब होत नाही, वाईनसारखी उघडली की संपवा असं काही नाही. पण अर्ध्याखाली गेली की बाटलीतल्या हवेनं वास हळूहळू उडतो, म्हणून वर्षभरात वापरा. उभी ठेवा, आडवी ठेवली तर बूच दारूत भिजत राहतं. गॅसच्या वरच्या फडताळात नको आणि पश्चिमेच्या भिंतीच्या कपाटातही नको, आपल्याकडे मे महिन्यात ती भिंत मध्यरात्रीपर्यंत तापलेली असते. धान्याच्या कोठीच्या खोलीत, खालच्या फळीवर, अंधारात ठेवा. फ्रीजमध्ये ठेवायची तर कॉकटेल करायच्या दिवशी सकाळी.